मागच्या चाकांची जागा

गोव्यातल्या म्हार्दोळला म्हाळशेच्या जत्रेला निघालो होतो. दादा गाडी चालवत होता, मी त्याच्या उजव्या हाताला, मागे आत्या आणि वहिनी. फर्मागुढीचा उतार संपला, गतिरोधक आला आणि मागून ‘खर्रर्र’ असा आवाज झाला. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. दादाने आरशात पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं, वहिनीने उगाच गजरा चाचपला. आवाज मागच्या उजव्या चाकाचा होता आणि बरोबर त्या चाकावर आत्या बसली होती. आत्याचं वजन हा आमच्या घरात काढायचा विषय नाही. गणपतीतल्या नेवऱ्यांच्या ताटापुढेसुद्धा तो कुणी काढत नाही. शेवटी तिनेच विचारलं, “माझ्यामुळे होतंय का रे? उतरून चालू का?” दादा घाईघाईने म्हणाला, “छे गं, मागचे टायर रुंद घातलेत ना, ते घासतायत.” त्यावर आत्या म्हणाली, “मग टायर बारीक घाल. या वयात मी कुठे बारीक होऊ?”

सगळे पोट धरून हसलो. जत्रा झाली, जाईची वळेसरी घेतली, घरी आलो, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण गेला पावसाळाभर आम्ही भावंडं त्याच प्रश्नाभोवती फिरत होतो. जागा तेवढीच आहे, मग सरकायचं कुणी? चाकाने, पत्र्याने, की माणसाने?

गाडी 1967 ची फोर्ड मस्टँग. एखाद्या वकिलातीबरोबर भारतात आलेल्या आणि नंतर एसटीसी, म्हणजे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या परदेशी गाड्यांपैकी एक, निदान दादाला तरी तसं सांगण्यात आलं. दिल्ली, मुंबई करत ती फोंड्याला आमच्या कुर्टीच्या घरी आली, तेव्हा तिच्या डिकीत उंदरांचं घर होतं आणि जमिनीच्या पत्र्यातून अंगण दिसायचं. स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे तिच्यात माझी जागा ठरलेली आहे. ओव्हरटेक करायचं तर समोरून येणारं वाहन दादाला दिसत नाही, मला दिसतं. मी मान बाहेर काढून “थांब”, “थांब”, “ये, मोकळं आहे” म्हणायचं आणि मग त्याने पाय दाबायचा. असा विश्वास तो माझ्यावर दुसऱ्या कुठल्याच बाबतीत टाकत नाही. बॉनेटखाली 289 घन इंचांचं, म्हणजे 4.7 लिटरचं व्ही-8 इंजिन आहे. ते सुरू झालं की शेजारच्यांचं कुत्रं आधी भुंकतं आणि मग सवयीने गप्प बसतं.

जाणकार म्हणतील मस्टँग ही मसल कार, म्हणजे मध्यम गाडीत दांडगं इंजिन घातलेली, नव्हेच, ती पोनी कार, म्हणजे त्याहून लहान आणि ऐटबाज. म्हणोत. मसल कारची गोष्ट बहुतेक जण 1964 च्या पॉन्टियाक जीटीओपासून सुरू करतात. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा नियम केला होता. पॉन्टियाकच्या इंजिनिअरांनी 389 चं इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता गिऱ्हाइकाने मागितलं तर मिळणारा जादा पर्याय म्हणून दिलं आणि नियमाला बगल दिली. त्या इंजिनाची ताकद 325 अश्वशक्ती, आणि ती रस्त्यावर उतरवायला दिलेले टायर साडेसात इंची, आडव्या-तिडव्या नायलॉनच्या धाग्यांचे, आजच्या मध्यम मोटारीच्या टायरहूनही बारीक. म्हणजे पाय दाबला की गाडी पुढे जाण्याआधी मागची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि धूर निघायचा. त्या धुरावरच एक पिढी पोसली. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढच्या चारशे मीटरात कोण पुढे जातो, एवढाच खेळ. त्या खेळात मागे रुंद टायर लागतात, पुढे बारीक चालतात, कारण ढकलतात ती मागचीच चाकं आणि इंजिनाचं वजन मात्र बसलेलं असतं पुढे. शर्यतीच्या धावपट्टीवरच्या गरजेतून आलेलं हे रूप पुढे रस्त्यावरच्या हौसेत उतरलं. पुढून सडपातळ, मागून भरलेली. धिरयोच्या, म्हणजे झुंजीच्या, बैलासारखी, सगळी ताकद मागच्या मांड्यांत.

आमच्या गाडीला आधीच्या मालकाने घातलेले 195/75 आर 14 चे टायर होते, म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या 75 टक्के, रिम 14 इंची. मापाने योग्यच, मूळच्या 6.95-14 च्या जवळपासचे. पण मागून पाहिलं की गाडी चुकीची चप्पल घालून आल्यासारखी वाटते, असं दादा म्हणायचा. मला ती बरी वाटायची. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीखाली बोटभर रिकामी जागा, तिथे सावली पडायची, त्यात एक विनय होता. दादाला ती सावलीच खुपायची. रात्री जेवणं झाली की तो व्हरांड्यातला दिवा गाडीच्या मागे वळवून खुर्ची टाकून बसायचा, नुसता बघत. वहिनी म्हणायची, “लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हा एवढं बघितलं नव्हतंत.”

मग मोजमाप सुरू झालं. हे काम मला मनापासून आवडलं. चाक काढायचं, ब्रेकच्या ड्रमवर सरळ पट्टी आडवी धरायची, आणि दोन अंतरं घ्यायची: ड्रमच्या तोंडापासून आत कमान-पाट्यापर्यंत, म्हणजे गाडीचा मागचा भार तोलणाऱ्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांपर्यंत, आणि बाहेर मडगार्डच्या वळलेल्या कडेपर्यंत. जो काही टायर बसवायचा तो या दोन अंतरांच्या बेरजेत. आणि तीही पूर्ण वापरायची नाही. गाडी वळणावर झुकली की पाट्यांवरचा आस थोडा बाजूला सरकतो, म्हणून आत किमान बोटभर मोकळी ठेवायची. खड्ड्यात चाक वर जातं आणि टायर सगळ्यात रुंद असतो तो मधल्या फुगवट्याला, जमिनीपाशी नव्हे, म्हणून बाहेरचं माप गाडी उभी असताना घेऊन भागत नाही. रिम किती इंची यापेक्षा ती कुठे बसते हे महत्त्वाचं. 7 इंची रिम कडा धरून 8 इंच भरते. तिच्या आतल्या कडेपासून ड्रमला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, ज्याला बॅकस्पेसिंग म्हणतात, ते आम्ही सव्वाचार इंच धरलं. चार धरलं असतं तर चाक आणखी पाव इंच बाहेर आलं असतं आणि खर्रर्र पहिल्याच दिवशी ऐकू आलं असतं.

सगळ्यात मजा आली ती दोन्ही बाजू मोजल्यावर. डावीकडे जेवढी जागा, तेवढी उजवीकडे नाही. मी दोनदा टेप धरली, दादाने वैतागून स्वतः धरली, तेच. उजवी बाजू 7 मिलिमीटरने आखूड. अमेरिकेतल्या कारखान्यात त्या काळी पत्र्याला पत्रा जोडताना माणसाच्या हाताला जेवढं सोडवलं तेवढं सोडवलं होतं. इतकं कुणी कधी मोजेल असं त्यांना वाटलंच नसणार. मला त्या 7 मिलिमीटरांनी फार बरं वाटलं. इतकी वर्षं पोस्टरात बघितलेली गाडी एकदम आपल्यातली झाली. दादाला मात्र फसवल्यासारखं वाटलं. जी बाजू अडचणीची तिच्या मापानेच दोन्हीकडचं ठरतं, हे तो दोन दिवस मान्य करत नव्हता.

शेवटी मागे 235/60 आर 15 ठरले, पुढे 215/65. माझं म्हणणं होतं मागे 225 बास. आजही आहे. 235 च्या टायरची भिंत 141 मिलिमीटर, उभा टायर 663 मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा 15 ने उंच. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी एकसष्टच्या थोडी पुढे असते, हरकत नाही. पण रुंदीत 40 मिलिमीटरची वाढ, आणि उजवीकडे वळलेल्या पत्र्याची कड आडवी येणार हे कागदावरच दिसत होतं. ती कड आत दुमडायची ठरली. त्यासाठी अवजार मिळतं, पण आमचा पत्रेवाला मेस्त म्हणाला, लाकडाचा गोल दांडा द्या. अमेरिकेत याला बेसबॉलची बॅट वापरतात. आमच्या माळ्यावर आजीचं भात कांडायचं मुसळ होतं.

तर दृश्य असं: मी हातात हीट गन घेऊन उकिडवी, मडगार्डच्या कडेवर गरम हवा फिरवत, कारण थंड पत्रा वाकवला तर रंगाला तडे जातात आणि गोव्याच्या हवेत तड्यातून गंज शिरायला एक पावसाळा पुरतो. मेस्ताने मुसळ टायर आणि कडेच्या मध्ये तिरकं घातलेलं. दादा गाडी हाताने ढकलतोय, वीतभर पुढे, वीतभर मागे. टायर फिरतो, मुसळ फिरतं, आणि कड अगदी थोडी आत वळते. मेस्त बोटाने चाचपतो, “आनीक मात्शें,” म्हणतो, मुसळ थोडं उभं करतो, पुन्हा ढकल. रंग गरम झाल्याचा गोडसर वास, जुन्या लाकडाला लागलेला नव्या रबराचा काळा पट्टा, मेस्ताच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबलेला घामाचा थेंब. दुपार झाली तेव्हा कड आतून सपाट झाली होती, जवळजवळ अर्ध्या इंचाची जागा निघाली होती, आणि बाहेरून काही झालंय हे कुणाला कळलं नसतं. मुसळ पुसून मी परत माळ्यावर ठेवलं. आत्याला ते अजून माहीत नाही.

चाकं चढली. मला मान्य करायला आवडत नाही, पण गाडी सुंदर दिसायला लागली.

दादाचं म्हणणं, आता जमिनीला जास्त रबर लागतं. हे पुष्कळांचं म्हणणं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. टायरचा जमिनीला टेकणारा तुकडा किती मोठा हे मुख्यतः त्यावरचं वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरतं. आमच्या गाडीच्या मागच्या एका चाकावर पावणेतीनशे-तीनशे किलो, दाब 30 पीएसआय, म्हणजे तुकडा सव्वाशे-दीडशे चौरस सेंटिमीटरचा. टायर रुंद केला तरी दाब तोच ठेवला तर तुकडा फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो: लांबीला कमी, रुंदीला जास्त. त्याने वळणावर पकड सुधारते, रबर एकाच पट्ट्यात तापत नाही, हे खरं. रबराचं घर्षण शाळेच्या पुस्तकातल्या नियमाने चालतही नाही. पण हे सगळं कळायला गाडी जोरात जावी लागते. आमची फोंडा-पणजी रस्त्यावर कदंबच्या बसमागे ताशी चाळीसने जाते. भोमला तर त्याहून हळू, कारण तिथे दोन्ही बाजूंना घरं, देवळं, आणि मधून महामार्ग. तो चौपदरी करायचा म्हणतात आणि गावकरी म्हणतात, गावातून नको, बाहेरून न्या. एकदा तिथे अडकून पडलो होतो तेव्हा मला वाटलं, ही माणसंही टेप धरूनच बसली आहेत, आत किती, बाहेर किती.

रुंद मागची चाकं आमच्या घरात नवी नव्हती, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. बाबांचे खाणीवर टिप्पर चालायचे. साखळी-डिचोलीहून खनिज भरून आमोणे, सारमानसच्या धक्क्यावर ओतायचं, तिथून बार्जने मुरगावला. टिप्परला मागे प्रत्येक बाजूला जोडी. त्या जोडीत अडकलेला दगड काढणं हे दादाचं लहानपणीचं काम, दर दगडामागे एक पेपरमिंट. आमचं अंगण टायरांनी भरलेलं: नवे, घासलेले, रिमोल्ड करून आणलेले, फुटलेले. पाऊस पडला की त्यांत पाणी साचायचं आणि डासांवरून आई बाबांशी भांडायची. उसगावला एमआरएफचा कारखाना, तिथून जाताना बाबा काच खाली करायचे. आम्ही नाक धरायचो, ते मात्र श्वास भरून घ्यायचे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि टिप्पर ओळीने उभे राहिले. उभ्या टायरला एकाच जागी वजन पेलून चपटेपणा येतो, भिंतीला बारीक चिरा पडतात. म्हणून बाबा अधूनमधून ते सुरू करून वीतभर पुढे घ्यायचे, वीतभर मागे. ओझं नाही, धंदा नाही, हप्ते चालू, आणि चाकं मात्र फिरवून ठेवायची. पुढे टिप्पर विकले. बाबा आता नाहीत. ही गाडी त्यांनी पाहिली असती तर पहिला प्रश्न विचारला असता, “मागे भरणार काय?”

त्याचं उत्तर जत्रेच्या दिवशी मिळालं होतं: आत्या आणि वहिनी.

जत्रेनंतर दादाने दोन रात्री गाडीखाली घालवल्या. आधी तो कडेलाच दोष देत होता, आणखी दुमडू म्हणाला. मी जमिनीपासून मडगार्डपर्यंतची उंची मोजली. गाडी रिकामी असतानाच उजवी बाजू दीड सेंटिमीटर खाली होती. प्रश्न टायरच्या रुंदीचा आहे तसा उंचीचाही आहे, आणि उंची पाट्यांवर असते, हे तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. मग गाडी टिस्कला नेली, बाबा ज्याच्याकडे टिप्परचे पाटे न्यायचे त्याच मेस्ताकडे. त्याच्या पुढ्यात ट्रकचे पाटे पडलेले, एकेक मनगटाएवढा जाड, आणि त्यांच्यामध्ये आमचे ते किरकोळ चार पाटे. त्याने मागचा भाग दोन हातांनी दाबून सोडला, गाडी खाली गेली आणि वर यायला तिने वेळ घेतला. “पाटे बसल्यात मरे,” एवढंच बोलला. पन्नास वर्षांहून जुनं लोखंड, बसणारच. यू-बोल्ट सोडले, मधला बोल्ट काढला, पाटे सुटे केले, आणि थंडच ऐरणीवर घेऊन एकेकाची कमान ठोकत वाढवली. घाव पडतो तिथे चंद्रकोरीएवढी खूण राहते. त्या खुणा एकसारख्या अंतराने पडत गेल्या, डोळ्यांनी मोजून. मध्येच तो दादाला म्हणाला, तुझे बाबा पाटे सुटे केल्याशिवाय इथून हलत नसत, प्रत्येकावर बोट फिरवून चीर बघत. दादाने लगेच वाकून बोट फिरवलं. काय बघायचं हे त्याला कळत होतं की नाही देव जाणे, पण फिरवलं.

गाडी मागून चांगली चार बोटं उचलली गेली. थोडी कडक झाली, खड्डा आता पाठीला कळतो. आत्याला उजवीकडेच बसवून त्याच गतिरोधकांवरून नेलं, आवाज नाही. “टायर बारीक केलास वाटतं,” ती म्हणाली. दादा हो म्हणाला.

राहिला पाऊस. इथे मी हटून बसले. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात रुंद टायर ही हौस नोव्हेंबर ते मेचीच असू शकते. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागतो तो वेग मुख्यतः हवेच्या दाबावर अवलंबून असतो. नासाच्या लँग्ली केंद्रात 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांवर अभ्यास करून काढलेलं सूत्र आहे, त्याने 28 पीएसआयला हा वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आत येतो. रुंद आणि आखूड तुकड्याला पाणी बाजूला सारायला आणखी जड जातं, नक्षी झिजली की त्याहून. चाळीसने जाणाऱ्याला काय फरक पडतो, असं दादा म्हणतो. पण नवीन जुवारी पुलावर मोकळा रस्ता दिसला की तो चाळीसने जात नाही, हे उजवीकडे बसणाऱ्या माणसाला माहीत असतं. शेवटी तडजोड झाली. जुन्या 14 इंची रिम आणि 195 चे टायर विकायचे नाहीत. जूनमध्ये ते चढवायचे, रुंद जोडी कापडात गुंडाळून पडवीत आडवी ठेवायची.

कागदपत्रांचं म्हणाल तर व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय 2021 पासून आहे, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना. पण मग ती रोजच्या रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढंच. आत्याला देवळात नेणं त्यात बसत नाही. म्हणून दादा दर पाच वर्षांनी साधं पासिंग करतो, आणि गाडीत मूळचं काही बदललं का या प्रश्नाच्या धसक्याने पासिंगलाही जुन्याच रिम लावून न्यायचं म्हणतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीतल्या फेरफारांबद्दल निकाल दिल्यापासून त्याला फार वकिली सुचते.

पाटे उचलल्यावर कमानीखाली पुन्हा थोडी सावली दिसायला लागली आहे. मला बरं वाटलं. दादाने परवा रात्री व्हरांड्यातला दिवा पुन्हा गाडीकडे वळवला, खुर्ची टाकली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “बाय, आता 255 बसेल गं.” मी म्हटलं, त्याला 8 इंची रिम लागेल, टायर आणखी 24 मिलिमीटर उंच होईल आणि उजवीकडे जागा नाही. तो म्हणाला, मोजून बघू. उजवीकडे मोजलं आणि विषय तिथेच संपला. मग त्याने डावीकडे मोजलं आणि तो पुन्हा निघाला.